इंग्रजी सारांश लिहायला बसलं की मूळ वाक्यंच उतरतात? मग आधी हे तपासा

तक्रार एकच असते, सांगणारा तेवढा बदलतो. "मॅडम, उतारा समजलाय. पण स्वतःच्या शब्दांत लिहायला घेतलं की तीच वाक्यं उतरतात." बारावीचा मुलगा हे म्हणतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलगी म्हणते. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देऊन परदेशी जायला निघालेला, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतला इंजिनिअर म्हणतो. आणि पीएचडीचा प्रबंध अडलेले, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे असलेले एक प्राध्यापकही खाली बघत हेच म्हणाले होते.

नाशिकला गंगापूर रोडवर घरातल्याच एका खोलीत मी संध्याकाळी इंग्रजी लेखनाचे छोटे वर्ग घेते. इतर चुका एकदा दाखवल्या की बऱ्याचशा जातात. ही मात्र जात नाही. गेली असं वाटतं, आणि पंधरा दिवसांनी वेश बदलून दारात हजर. त्यामुळे दर बॅचला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतेय.

सारांश आणि पॅराफ्रेज यांची व्याख्या पाठ करत बसू नका. कीर्तनात बुवा ओवी म्हणतात आणि पुढे "म्हणजे काय, तर..." म्हणून तीच गोष्ट आपल्या बोलीत सांगतात, ते पॅराफ्रेज. लांबी साधारण तेवढीच. शेवटी "थोडक्यात काय, तर..." म्हणतात, तो सारांश. आपल्याला दोन्ही लहानपणापासून ऐकून येतं. अडतं ते कागदावर, आणि तेही इंग्रजीत.

एक सूचना. खालची इंग्रजी वाक्यं मी मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. मोठ्याने वाचा. डोळ्याला जी चूक दिसत नाही ती कानाला बोचते.

आधी कुठला बिघाड आहे ते ओळखा

आपण सगळ्याला "कॉपी होते" म्हणतो, पण त्यात तीन वेगळे बिघाड असतात आणि तिघांचं औषध वेगळं. पहिला सरळ आहे: वाक्यच्या वाक्य उचललेलं. हा बिघाड प्रामाणिक म्हणायला हवा, निदान तो लपत नाही. दुसऱ्यात शब्द बदललेले असतात, पण वाक्याचा सांगाडा जागच्या जागी. तिसऱ्यात भाषा खरोखर स्वतःची, पण अर्थ हळूच सरकलेला.

मूळ उतारा आणि तुमचं लिखाण शेजारी ठेवा आणि दोन्हीकडच्या फक्त क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघ मारा. क्रियापदं त्याच क्रमाने येत असतील, तर नामं कितीही बदललेली असोत, बिघाड दुसरा आहे. क्रम वेगळा असेल तर आकडे, तारखा आणि "कोण म्हणालं" एवढं जुळवून बघा. तिथे फरक निघाला तर तिसरा.

माझ्याकडे येणाऱ्यांत दुसराच सगळ्यात जास्त. रेबेका मूर हॉवर्ड या अमेरिकन प्राध्यापिकेने १९९०च्या दशकात याला "पॅचरायटिंग" असं नाव दिलं, म्हणजे ठिगळं लावून लिहिणं. नवख्या विषयात शिरताना लिहिणारा या पायरीवरून जातोच, त्याला लगेच चोर ठरवू नका, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. अडचण पायरीची नाही, पायरीवर मुक्काम ठोकण्याची आहे.

शब्द बदलायची खोड

वर्गात मी हे वाक्य देते, सरावासाठी माझंच बनवलेलं:

"हेवी रेन इन ऑक्टोबर डॅमेज्ड मेनी व्हिनयार्ड्स इन द डिस्ट्रिक्ट, अँड ग्रोअर्स हू हॅड प्रून्ड अर्ली सफर्ड द मोस्ट."

द्राक्षबागांची गोष्ट, म्हणजे समजण्याचा प्रश्नच नाही. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी दिंडोरीला नाहीतर निफाडला बाग असते. तरी एकदा एकाने दिलेलं उत्तर असं होतं:

"वेटी रेन इन ऑक्टोबर हार्म्ड काउंटलेस वाइनरीज इन द रीजन, अँड फार्मर्स हू हॅड कट अर्ली टॉलरेटेड द मॅक्सिमम."

पोरगा हुशार. बापाची तीन एकर बाग. त्याने काय केलं? फोनवर समानार्थी शब्दांची यादी उघडली आणि एकेक विटेच्या जागी दुसरी वीट बसवत गेला. आता एकेक बघू.

पाऊस इंग्रजीत "हेवी" असतो, "वेटी" नसतो. अर्थाने दोन्ही जड, पण शब्दांच्या सोयरिकी ठरलेल्या असतात. आपण मुसळधार पाऊस म्हणतो, खलबत्तेधार म्हणत नाही, तसंच. "मेनी"चं "काउंटलेस" केलं आणि नुकसान वाढवून ठेवलं; पंचनाम्याला आलेला तलाठी असं कधी लिहिणार नाही. "व्हिनयार्ड" म्हणजे बाग, "वाइनरी" म्हणजे जिथे वाइन बनते ती जागा. नाशिकच्या मुलाने ही गल्लत करावी याचं मला जरा जास्तच वाईट वाटलं. "प्रून" म्हणजे छाटणी, आणि तिला दुसरा शब्द शोधायचाच नाही. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. दोन्हींना कुणी "कापाकापी" म्हटलं तर त्याला बागेत उभं करतील का? (आणि "कटिंग" म्हणजे बस स्टँडसमोर मिळतो तो अर्धा चहा, हे वेगळं.) "सफर्ड" म्हणजे सोसावं लागलं, "टॉलरेटेड" म्हणजे सहन करून घेतलं. एकात नाइलाज आहे, दुसऱ्यात मोठेपणा.

नऊ शब्द बदलले, पाच चुका झाल्या, आणि सांगाडा होता तिथेच राहिला. म्हणजे मेहनतही गेली आणि कॉपीही राहिली.

यावर उपाय करताना आधी न बदलायचे शब्द वेगळे काढा. पारिभाषिक शब्द, नावं, आकडे, तारखा आणि ज्याला दुसरा साधा शब्दच नाही असे शब्द. वरच्या वाक्यात "प्रून", "व्हिनयार्ड", "ऑक्टोबर" आणि "हेवी रेन" तसेच ठेवले तरी कुणी तुम्हाला चोर म्हणणार नाही. मग वाक्याला दुसऱ्या टोकाने धरा. सगळ्यात जास्त फटका कुणाला बसला? लवकर छाटणी करणाऱ्यांना. तिथून सुरुवात करा:

"ग्रोअर्स हू प्रून्ड अर्ली वेअर हिट हार्डेस्ट व्हेन ऑक्टोबर्स हेवी रेन डॅमेज्ड अ लार्ज नंबर ऑफ व्हिनयार्ड्स इन द डिस्ट्रिक्ट."

शब्द जवळजवळ तेच आहेत, पण वाक्य आता तुमचं. कारण कुठली गोष्ट आधी सांगायची हे तुम्ही ठरवलंत.

मूळ बिघाड: नजर कागदावरून हलत नाही

दुसऱ्या टोकाने धरायचं कळलं तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच का होतं, हे मला बरीच वर्षं उमगलं नव्हतं. ते कळलं घरात, आणि शिकवलं सासूबाईंनी.

आई मूळच्या लासलगावकडच्या. इंग्रजी येत नाही, पण घरात इंग्रजी पेपर आला की कांद्याची बातमी त्यांना लागते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यातीवर बंदी घातली. ८ डिसेंबरपासून लागू, मुदत ३१ मार्च २०२४पर्यंत. जिल्ह्यात लिलाव बंद पडले, रस्त्यावर आंदोलनं झाली. सकाळी मी पेपर हातात धरून आईंना सांगायला लागले. वाचत होते आणि वाक्यावाक्याने मराठी करत होते. दोन मिनिटांत त्या वैतागल्या. "अगं, ते खाली ठेव आणि मला सांग. काय झालं?"

मी पेपर घडी घालून ठेवला आणि सांगितलं: "निर्यात बंद केली. मार्च अखेरपर्यंत." झालं. पन्नास ओळींची बातमी पाच शब्दांत. त्यावर त्यांचे प्रश्न आले. कोणी केली? पूर्णच बंद, की काही सवलत आहे? मार्चनंतर काय?

पहिल्याचं उत्तर मला येत होतं. दुसऱ्याचं नव्हतं, म्हणून पेपर पुन्हा उघडावा लागला. सवलत होती: दुसऱ्या देशाने मागणी केली आणि केंद्राने परवानगी दिली, तर निर्यात करता येणार होती. मी ते वाक्य वाचलं होतं, पण डोक्यात शिरलंच नव्हतं. शिरलं नव्हतं म्हणूनच पहिल्या खेपेला मी ते शब्दाला शब्द लावून पुढे ढकललं होतं.

त्या दिवसापासून माझं निदान बदललं. कॉपी हा ताप आहे, आजार नव्हे. ज्या ओळीवर तुमच्याकडून मूळ वाक्य जसंच्या तसं उतरतं, तीच ओळ तुम्हाला कळलेली नसते. कळलेलं माणूस आपसूक आपल्या शब्दांत सांगतो. न कळलेलं हातात धरून चालतो, सांडेल या भीतीने.

मुलांकडून आता मी हे असं करून घेते. उतारा दोनदा वाचायचा. मग कागद उलटा करायचा, नुसता बाजूला सरकवून चालत नाही. मोबाइलवर उतारा असेल तर मोबाइल दुसऱ्या खोलीत. आणि मग उताऱ्यात काय आहे ते मराठीतून, मोठ्याने, कुणाला तरी सांगायचं. आजी, धाकटा भाऊ, खोलीवर राहत असाल तर पार्टनर. समोरच्याने मध्ये प्रश्न विचारलेच पाहिजेत. ज्या प्रश्नाला उत्तर येत नाही तेवढ्यापुरता कागद उलटायचा आणि पुन्हा पालथा करायचा. सांगून झालं की इंग्रजीत लिहायचं, आणि ते सांगितलेलं लिहायचं, वाचलेलं नाही.

"मॅडम, मराठीत विचार करून इंग्रजी लिहू नका असं शाळेत सांगायचे." हो, सांगायचे. ज्याला इंग्रजीत विचार करता येतो त्याच्यासाठी ते ठीक आहे. ज्याला येत नाही तो मग विचारच करत नाही आणि सरळ उतरवतो. दोन वाईटांतलं कमी वाईट म्हणून मी मराठी घेते. मात्र मराठीतून गेलं की तिसरा बिघाड डोकं वर काढतो.

मराठीतून इंग्रजीत जाताना काय सांडतं

सगळ्यात आधी सांडतं ते "म्हणे". आपली भाषा याबाबतीत श्रीमंत आहे. "पाऊस येणार म्हणे" या तीन शब्दांत बातमीही आहे, आणि ती माझी नाही, जबाबदारी माझी नाही, हेही आहे. मराठीत सांगताना मुलं हे अचूक वापरतात. इंग्रजीत जाताना ते गळून पडतं, कारण "म्हणे"ला एका शब्दाचा इंग्रजी जोडीदार नाही.

समजा सरावाचं वाक्य आहे: "ट्रेडर्स से द बॅन मे पुश प्रायसेस डाउन बाय अ थर्ड." मुलगी मराठीत छान सांगते: "व्यापारी म्हणतायत, भाव तिसऱ्या हिश्श्याने उतरेल कदाचित." आणि लिहिते: "द बॅन विल रिड्यूस प्रायसेस बाय वन थर्ड." व्यापारी गेले, कदाचित गेलं, आणि एका अंदाजाचा निकाल झाला. शब्द सगळे तिचे आहेत, कॉपी तपासणारं कुठलंही यंत्र तिला पकडणार नाही. तरी हे उत्तर पहिल्या बिघाडापेक्षा वाईट आहे, कारण ते खोटं आहे.

म्हणून मराठीत सांगताना जेवढ्या वेळा "म्हणे", "असेल", "बहुधा", "काही जण" आलं, तेवढ्या वेळा बोटावर मोजा. इंग्रजीत तेवढेच "अकॉर्डिंग टू", "से", "मे", "लाइकली", "सम" सापडले पाहिजेत. "सजेस्ट्स"ला "प्रूव्ह्ज" करू नका. पहिलं म्हणतं, तसं दिसतंय. दुसरं म्हणतं, तसं आहेच. प्रबंधवाल्या प्राध्यापकांच्या एका प्रकरणात आम्ही अशा अकरा जागा काढल्या.

दुसरी सांडलवंड बोलणाऱ्याची होते. मराठीत "मंत्री म्हणाले की आम्ही विचार करू" हे चोख वाक्य आहे. बोलणाऱ्याचं "आम्ही" आपण तसंच ठेवतो. तेच इंग्रजीत: "द मिनिस्टर सेड दॅट वी विल थिंक." आता लिहिणाराच मंत्रिमंडळात जाऊन बसला! इंग्रजीत "दॅट" आला की "वी"चा "दे" होतो आणि "विल"चा "वुड": "द मिनिस्टर सेड दे वुड कन्सिडर इट." ही चूक इतकी सर्रास दिसते की सारांशात "आय" किंवा "वी" दिसला की मी न वाचताच गोल करते. दहातल्या नऊ वेळा गोल बरोबर निघतो.

कर्त्याचंही तसंच. "निर्यात बंद केली" म्हटलं की आपल्याला कर्ता लागत नाही, कोणी केली ते सगळ्यांना ठाऊक. इंग्रजीत मुलं "बॅन्ड द एक्स्पोर्ट" लिहून मोकळी होतात. एकतर "द गव्हर्न्मेंट बॅन्ड" लिहा, नाहीतर "एक्स्पोर्ट्स वेअर बॅन्ड". "द" आणि "अ" च्या चुका मी या टप्प्यावर सोडून देते. त्या नंतर करता येतात, आणि त्यांच्या नादात मुलं आशय विसरतात.

आता मार्चनंतरचं. वर्गात तीच बातमी दिली होती. तिघांनी सारांशाच्या शेवटी लिहिलं: "एक्स्पोर्ट्स विल रिझ्यूम ऑन १ एप्रिल." ३१ मार्चपर्यंत बंदी, म्हणजे १ एप्रिलला सुरू, हिशेब सरळ वाटतो. पण उताऱ्यात तसं कुठेही नव्हतं. आणि झालं काय? मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात केंद्राने ती बंदी पुढील आदेशापर्यंत वाढवली. उताऱ्यात जे नाही ते कितीही उघड वाटलं तरी सारांशात घालायचं नाही, हे मी आधी दहादा सांगितलं होतं. कांद्याने एकदाच सांगितलं, आणि ते लक्षात राहिलं.

काय ठेवायचं, काय टाकायचं

"सगळंच महत्त्वाचं वाटतं" ही सारांशाची दुसरी तक्रार. तिच्यासाठी मी मुलांना नाशिकजवळच्या पांडवलेण्यांवर, म्हणजे जुन्या बौद्ध लेण्यांवर नेते, कधी पायांनी, कधी नुसतं कागदावर. दहाव्या लेण्यात नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यात त्याने दिलेल्या ठेवीचा हिशेब आहे, आणि त्याचा इंग्रजी अनुवाद सारांशासाठी झकास उतारा आहे. ३००० काहापण नाणी गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवली. त्यातली २००० एका श्रेणीकडे, व्याज महिना शेकडा १. उरलेली १००० दुसऱ्या श्रेणीकडे, व्याज महिना शेकडा पाऊण. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याजच वापरायचं. २०००च्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामी राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ काहापण.

एक गट सगळे आकडे ओळीने मांडतो. तो सारांश नव्हे, पावती. दुसरा गट लिहितो: "उषवदात डोनेटेड मनी टू मंक्स." छोटं आहे, पण मजाच गेली, कारण त्याने पैसे दिलेच नव्हते, पैसे ठेवले होते. आपल्या बँकेतल्या मुदत ठेवीसारखे, फक्त मुदत कायमची.

मग मी सांगते, आकड्यांशी खेळा. २०००वर महिना शेकडा १ म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि २० भिक्खू गुणिले १२? तेही २४०. हे जुळल्यावर वर्गात जो "अरे!" येतो तो ऐकण्यासारखा असतो. आता कुठला आकडा ठेवायचा हे सांगावं लागत नाही. लेखाचा जीव कशात आहे ते कळलेलं असतं: मुद्दल कायम, व्याजावर वीस जणांचं वस्त्र.

"उषवदात प्लेस्ड ३००० कॉइन्स परमनंटली विथ टू वीव्हर्स गिल्ड्स, द इंटरेस्ट ऑन द लार्जर शेअर क्लोद्ड ट्वेंटी मंक्स एव्हरी इयर."

व्याजाचे दर गेले. प्रत्येकी १२ गेले. जावईपणही गेलं, कारण या उताऱ्यात ते नातं काही करत नाही. इतिहासाचा उतारा असता तर कदाचित तेच सगळ्यात आधी ठेवलं असतं. वगळलेलं वगळल्यावर उरलेलं उभं राहतंय का, एवढं बघायचं.

लांबीबद्दल थोडक्यात

लांबी परीक्षेप्रमाणे बदलते, त्यात तत्त्वज्ञान नाही. यूपीएससी मुख्य परीक्षेतल्या अनिवार्य इंग्रजीच्या ३०० गुणांच्या पेपरात साराला ७५ गुण असतात आणि तो मूळ उताऱ्याच्या एक तृतीयांश हवा. पीटीई अकॅडेमिक या इंग्रजीच्या परीक्षेत उताऱ्याचा सारांश एकाच वाक्यात, ५ ते ७५ शब्दांत, दहा मिनिटांत. दोन पूर्णविराम दिलेत की गेलं. आयईएलटीएस अकॅडेमिकच्या पहिल्या लेखनकार्याला किमान १५० शब्द लागतात आणि प्रश्नातली वाक्यं जशीच्या तशी उचलली तर ती मोजणीत धरत नाहीत. लांबी जास्त झाली तर विशेषणं खरवडत बसू नका, त्याने चार शब्द वाचतात. एखादं अख्खं उदाहरण उडवा.

"सॉफ्टवेअर किती टक्के दाखवेल?"

प्रबंधवाल्यांचा हा पहिला प्रश्न, आणि तो पहिला असतो हेच दुखणं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि ६०च्या वर नोंदणीच रद्द. सर्वसाधारण ज्ञानाचे किंवा योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे मोजायचे नाहीत, असंही त्यात आहे. ही सवलत ऐकून कुणी दर पंधराव्या शब्दाला हात लावत बसला, तर वरच्या "वेटी रेन"वाल्या मुलाशेजारी त्याची खुर्ची. आणि स्वतःच्या शब्दांत लिहिलं तरी कल्पना ज्याची त्याचा संदर्भ द्यावाच लागतो. पॅराफ्रेज केलं म्हणजे मालकी बदलली असं होत नाही.

आता फोनमधली साधनं. उतारा टाकला की सुबक इंग्रजी हातात येतं. त्याला माझा विरोध नाही, पण तिसरा बिघाड तिथेही होतो, आणि भाषा गुळगुळीत असल्यामुळे दिसत नाही. "मे"चं "विल" झालंय का ते बघायला उतारा आधी तुम्हालाच कळावा लागतो. शिवाय परीक्षेच्या हॉलबाहेर फोन जमा करावा लागतो.

पुन्हा बिघडलं तर

बिघडेल. विषय अनोळखी आला की हात पुन्हा कॉपीकडे वळतोच. तेव्हा घाबरून शब्दकोश उघडू नका. उतरलेल्या ओळीखाली रेघ मारा आणि त्या ओळीतला कुठला शब्द आपल्याला मराठीत समजावून सांगता येत नाही ते शोधा. बहुतेक वेळा एकच शब्द असतो, आणि तो चांगला ओळखीचा, रोज दिसणारा असतो.

माझ्याच बाबतीत घडलेलं सांगते. ४ मे २०२४. बंदी उठल्याची बातमी. टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क. मी पेपर पालथा ठेवला, आता सवयच झालीय, आणि आईंना ऐटीत सांगितलं: "बंदी उठली. टनाला कमीत कमी ५५० डॉलर भाव मिळणार."

आई शेंगा सोलत होत्या. हात थांबला.

"मिळणार? कोण देणार?"

"म्हणजे... किमान निर्यात मूल्य. मिनिमम एक्स्पोर्ट प्राइस."

"ते कळलं. दिवाळीच्या आधी ८०० होतं, तेच ना हे? अगं, त्याच्या खाली बाहेर विकायचं नाही, असं असतं ते. मिळणार कुठलं? बाहेरच्याने घेतलाच नाही तेवढ्याला, तर माल इथेच."

मी पेपर उलटला. त्यात "मिनिमम एक्स्पोर्ट प्राइस" हे तीन शब्द होते, आणि मी ते जसेच्या तसे उचलून मराठीत आणून ठेवले होते. "मिळणार" हे माझ्या पदरचं. त्या संध्याकाळी बॅचला तीच बातमी दिली. बावीस जणांपैकी सतरा जणांनी लिहिलं, "फार्मर्स विल गेट".